न बघता ओके

“हात गेला माझा. मान्य करायला काय झालं?”

पप्पा स्वयंपाकघरात आईशी बोलत होते. मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघराची खिडकी त्या गॅलरीत उघडते आणि तिची एक काच दिवाळीच्या साफसफाईत फुटली ती अजून बसवलेली नाही, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. हे त्यांना माहीत आहे की नाही, मी कधी विचारलेलं नाही.

“काल लोणच्याची बरणी उघडून दिलीत ती कुणाच्या हातानं?” आई म्हणाली.

“थट्टा नको. ब्रेक मारतो अन् गाडी स्टॉप सोडून पुढं जाऊन थांबते. आज चारदा झालं. पाय उशिरा पडतोय माझा.”

“अहो, गेम आहे तो. खरी बस आहे का?”

“गेम असंल. पाय तर माझाच हाय ना?”

 कुकरची शिट्टी झाली. मग पप्पा अगदी साध्या आवाजात, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं तसं म्हणाले, “शुक्रवारी फोन करून त्याला नाही म्हणून कळवतो. शाळेची बस आहे. असल्या पायानं नको.”

माझ्या हातात त्यांचाच शर्ट होता. तो झटकला असता तर आवाज झाला असता, म्हणून मी तसाच सुरकुतलेला दोरीवर टाकला आणि चिमटे लावले. तो बुधवार होता. शनिवारी सकाळी त्या शाळेच्या बसवर पप्पांची ट्रायल होती.

पप्पांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली. मी शाळेत होते तेव्हा बरीच वर्षं ते हडपसरहून गावात जाणाऱ्या रूटवर होते, आणि माझी इंग्रजी शाळा त्याच रस्त्यावर असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा मला त्यांचीच बस मिळायची. त्यांच्या केबिनमागच्या दांड्याला धरून मी उभी राहायचे. समोर पत्र्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘चालकाशी बोलू नये.’ मी मराठी वाचायला त्या पाटीवर शिकले असं आई गमतीनं सांगते. ते पूर्ण खरं नाही, पण ती पाटी मी पाळली हे खरं आहे. पाऊण तासात आम्ही एक अक्षर बोलायचो नाही. मी उतरताना ते आरशात बघून मान हलवायचे, मी मान हलवायचे. पुढे घरीही आमचं बोलणं साधारण तेवढंच राहिलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला ते सोयीचंच होतं.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मागच्या थंडीत दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी पुढे सांगितलं की नजर उत्तम आहे, गाडी चालवायला हरकत नाही. पण पप्पांनी स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढली नाही. भाजी आणायला रिक्षानं जायचे आणि रिक्षावाल्याचं चालवणं बघून घरी येऊन चिडायचे. दिवसभर हॉलच्या खिडकीजवळ खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे. खाली कुणी क्लच सोडताना गचका दिला की इथे त्यांचा डावा पाय हलायचा.

तो हलणारा पाय बघून मला गेमचं सुचलं. माझ्या इंजिनीअरिंगच्या वेळी घेतलेला डेस्कटॉप हॉलमध्ये होता. मी त्यावर बस चालवण्याचा एक गेम टाकला आणि जुनं सामान विकणाऱ्या एका ग्रुपवरून स्टेअरिंग आणि पॅडलचा सेट मिळवला. स्टेअरिंग टेबलाला क्लॅम्पनं आवळलं आणि “चालवून बघा” एवढंच म्हणून आत गेले. मला कुणाला काही द्यायचं असलं की ते असंच होतं.

“एवढंसं स्टेअरिंग?” बाहेर पप्पा आईला म्हणाले. “तुझा पोळपाट ह्याच्यापेक्षा मोठा आहे.”

“मग पोळपाट बसवून घ्या,” आई म्हणाली. “माझी पोळ्यांतून सुटका होईल.”

आठवड्याभरात ते रोज सकाळी सात ते नऊ बस काढायला लागले. गेममधलं गाव कुठल्यातरी थंड देशातलं, स्वच्छ आणि रिकामं. पप्पांनी त्याला आपली नावं दिली. टोकदार मनोऱ्याचं चर्च होतं, ती मंडई. रेल्वेचं फाटक होतं, ते जुनं मांजरीचं फाटक. प्रवासी एका रांगेत चढायचे, त्याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटलं. “ढकलाढकली नाही, काही नाही,” ते म्हणायचे. “ही माणसं आजारी आहेत का?” गेममध्ये कंडक्टर नव्हता, म्हणून चहा आणून ठेवताना आई म्हणायची, “डबल!” म्हणजे दोन घंटा, म्हणजे निघा. आणि ते खरंच तेव्हाच निघायचे.

पुढच्या महिन्यात एके दिवशी खुंटीवर किल्ली नव्हती. ते स्कूटरवरून बाजारात जाऊन मेथी घेऊन आले होते. कुणीच त्याबद्दल बोललं नाही. आईनं फक्त मेथी निवडताना दोनदा विचारलं, एवढी कशाला आणली म्हणून.

मग डेपोतल्या त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. मी त्यांना काका म्हणते. मांजरीच्या पुढच्या एका शाळेच्या बसगाड्या आता ते सांभाळतात. एक ड्रायव्हर सोडून चालला होता. शनिवारी ये, मैदानात दोन चकरा मार, मग मोठ्या रस्त्यावर जाऊन येऊ, असं ठरलं. त्या दिवशी पप्पांनी कपाटातून त्यांचे काळे बूट काढले आणि पॉलिश करून परत कपाटात ठेवले.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पुढे जे झालं ते मी केलं.

मी एका कंपनीत टेस्टर आहे. लोकांच्या फोनवर जायच्या आधी ॲप बिघडवून बघायचं, बिघडलं तर कसं बिघडलं ते लिहायचं, हे माझं काम. लिहिलेलं ते ॲप बनवणाऱ्या डेव्हलपरकडे जातं आणि बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर घेऊन परत येतं, ‘आमच्याकडे होत नाही.’ मग मी पुन्हा लिहायचं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा आलं की आपल्यालाच वाटायला लागतं की आपलं काही चुकत असेल. दिवसातून आठ-दहा वेळा हे झालं की संध्याकाळी घरातलं माणूस काही विचारतं तेव्हा त्याचे शब्द कानापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात.

त्या महिन्यात माझा ऑफिसचा लॅपटॉप बिघडला. दुरुस्तीला गेला तो गेलाच. मॅनेजर म्हणाले, “घरी मशीन आहे ना? कर ना मॅनेज थोडे दिवस.” मी हो म्हणाले. मी नेहमी हो म्हणते, नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं.

माझ्या कामाला कॉम्प्युटरच्या आत चालणारा एक खोटा फोन लागतो, म्हणजे पडद्यावर दिसणारा, खऱ्यासारखा वागणारा फोन. आमच्या डेस्कटॉपवर तो सुरूच होईना. व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, असा निरोप यायचा. एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवायची ही प्रोसेसरची सोय, आणि ती चालू करायची जागा रोजच्या सेटिंग्जमध्ये नसते. मशीन सुरू होताना, पडद्यावर काही उमटायच्या आत, डिलीटचं बटण टकटक दाबत राहायचं. मग बायोस उघडतं. सिस्टीमच्याही आधी जागा होणारा, बोर्डवरच बसवलेला हा प्रोग्रॅम. तिथल्या एका ओळीत ‘बंद’चं ‘चालू’ केलं. परत आल्यावर खोट्या फोननं आणखी दोन गोष्टी मागितल्या, त्यांवर टिक केली. सिस्टीमनं पिवळा त्रिकोण दाखवून विचारलं, आता मेमरीचं संरक्षणही चालू करू का, म्हटलं कर. जेवायची सुट्टी संपत आली होती. कुठलाही त्रिकोण समोरून गेला तर हवा होता.

खरं म्हणजे बायोसमधल्या त्या एका ओळीनं फारसं काही बिघडत नाही. ती नुसती परवानगी असते. पण परवानगी मिळाली की सिस्टीम स्वतःच एका पातळ थरावर जाऊन बसते, आणि मेमरीची राखण करणारा पहारा त्या थरातून येणंजाणं तपासत राहतो. नव्या प्रोसेसरला हे जड जात नाही. आमचा जुना होता, आणि तो गेम आधीच कसाबसा ओढत होता. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर फरक कळलाही नसता. आमच्याकडे वळणावर चित्र अडकायला लागलं आणि मग उडी मारून पुढे जायला लागलं. पाय पॅडलवर पडायचा आत्ता, आणि पडद्यावर ब्रेक लागायचा जरा वेळानं.

हे सगळं मला माहीत होतं, मी हे परीक्षेत लिहिलेलं होतं. फक्त पप्पांच्या बसशी त्याचा संबंध आहे हे डोक्यात आलं नाही, कारण त्या बाजूला मी डोकं वळवलंच नाही.

पप्पांनी मला तीनदा सांगितलं.

पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी, मी कामाला बसायला आले तेव्हा खुर्ची सोडता सोडता. “बाळा, गाडी आज अडखळत होती. मंडईच्या वळणावर.” मी म्हणाले, बघते. जेवताना त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, बघितलं, काही नाही. मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा मी मीटिंगमध्ये होते. ते शेजारी येऊन उभे राहिले, मी हेडफोनचा एक कान सरकवला. “स्टेअरिंग फिरवतो अन् गाडी मागनं वळते,” ते हळू आवाजात म्हणाले. कॉलवर कुणी ऐकेल म्हणून. मी म्हणाले, “ठीक आहे सगळं, पप्पा. मी चेक केलं.”

तिसऱ्यांदा सोमवारी. त्या सकाळी माझे सहा बग, म्हणजे मी लिहून दिलेले दोष, एकदम परत आले होते, सगळ्यांवर तीच ओळ. पप्पा म्हणाले, “एकदा परत बघतेस का? ब्रेकचं.” मी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “चेक केलं ना पप्पा मी. ओके आहे.”

“ओके?” ते म्हणाले.

“ओके.”

ते मान हलवून गेले. बसच्या आरशात हलवायचे तशीच.

आता डेपोतली एक रीत सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ड्रायव्हर ड्यूटी संपवून येतो तेव्हा गाडीचा दोष कागदावर लिहून देतो. ब्रेक कमी, स्टेअरिंग डावीकडे ओढतं, असं काहीबाही. रात्रीतून वर्कशॉपवाले बघतात आणि शेजारच्या रकान्यात लिहितात, तपासले, ओके. नियम असा कुठे छापलेला नाही, पण एकाच ड्रायव्हरनं एकाच गाडीची तीनदा तक्रार लिहिली आणि तिन्ही वेळा ओके आलं, की पप्पांच्या डेपोत चौथ्यांदा कुणी गाडीकडे बघत नसे. ड्रायव्हरकडे बघत. डोळे तपासायला पाठवत, ट्रायल घेत. आणि ड्रायव्हरही ते मानत. तीन ओकेनंतर हुज्जत घालणं हलकं समजलं जाई.

पप्पांच्या आधीच्या पिढीतल्या एका ड्रायव्हरची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी ब्रेकचं तीनदा लिहिलं, तीनदा ओके आलं. त्यांना गेटवर बसवलं, गाड्यांच्या नोंदी करायला. महिन्याभरानं त्या गाडीची ब्रेकची नळी चिरलेली सापडली. मेकॅनिकनं ती गुपचूप बदलली. आधीच्या कागदावर जाऊन ‘दोष होता’ असं कुणी लिहिलं नाही, लिहिलं असतं तर तीन सह्या अडचणीत आल्या असत्या. ते गेटवरच निवृत्त झाले. पप्पा ही गोष्ट सांगताना दर वेळी शेवटी म्हणतात, “गाडी दुरुस्त केली त्यांनी. माणूस तसाच राहिला.”

बुधवारी गॅलरीत उभी असताना मला ती गोष्ट आठवायची गरज पडली नाही. ती तिथेच होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आई शेजारी गेली होती आणि पप्पा झोपले होते. मी गेम उघडून त्यांच्या खुर्चीत बसले. पॅडल माझ्यासाठी लांब होती, खुर्ची पुढे घ्यावी लागली. पहिल्या स्टॉपपर्यंत काही कळलं नाही. चर्चच्या वळणावर चित्र अडकलं, सुटलं, आणि बस फुटपाथवर होती. मी ब्रेक दाबला. मोजण्याइतका वेळ गेला आणि मग ती थांबली. मागचे शहाणे प्रवासी एका आवाजात कुरकुरले. ते परकी भाषा बोलत होते, तरी काय म्हणत होते ते कळत होतं.

मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. डिलीट, डिलीट, डिलीट. त्या ओळीत ‘चालू’चं ‘बंद’ केलं. पुन्हा तेच वळण. बस तेलातून गेल्यासारखी वळली. मी ब्रेक दाबला तिथे थांबली.

एवढंच होतं. दोन आठवड्यांत मी त्यांना तीनदा न बघता ओके दिलं होतं, आणि बघायला एक जेवणाची सुट्टी लागली.  घाम आला नाही, रडू आलं नाही. खूप कंटाळा आला, स्वतःचाच. मग घड्याळ बघितलं, पुन्हा बायोसमध्ये जाऊन ते ‘चालू’ केलं आणि खोटा फोन उघडून कामाला लागले, कारण अर्ध्या तासात रिपोर्ट द्यायचा होता.

सांगायला हवं होतं, तेव्हाच. ते उठून चहा प्यायला आले, दहा फुटांवर बसले, चहा संपवला. मी वाक्य मनात दोनदा जुळवलं. मी घाबरले की आधी इंग्रजीत विचार करते, मग त्याचं मराठी करते, आणि तोवर समोरचा माणूस कप विसळून आत गेलेला असतो. शिवाय सांगायचं म्हणजे ‘चेक केलं’ हेही सांगायला लागणार होतं. सेटिंगचं सांगणं अवघड नव्हतं. त्या दोन शब्दांचं होतं.

म्हणून मी दुसरी वाट काढली. सकाळी त्यांच्या आधी उठायचं, ते सेटिंग बंद करायचं. ते खेळतील, बस नीट चालेल, हात परत आला असं त्यांना वाटेल. दहाला माझ्या कामासाठी मी ते पुन्हा चालू करीन. कुणाला काही बोलावं लागणार नाही. गुरुवारी सकाळी सहाला उठून मी ते केलं. गेमसुद्धा उघडून ठेवला, बस डेपोच्या दारात उभी करून. मग चहाचा कप घेऊन, पेपर समोर धरून बसले.

पप्पा अंघोळ करून आले. टेबलाजवळून पुढे गेले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चष्मा पुसायला लागले.

आईनं आतून विचारलं, “डबल?”

“आज नको,” ते म्हणाले.

मी पेपरच्या मागून म्हणाले, “पप्पा, चालवून बघा ना आज. एकदा.”

“काय बघायचं बाळा त्यात.” ते अगदी मायेनं म्हणाले. “गाडी ओके आहे. तू तीनदा बघितलंस ना.”

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. आमच्या आईला टोमणा मारता येतो, पप्पांना येत नाही. मी दहा वाजेपर्यंत थांबले. मग बस बंद केली, ते सेटिंग चालू केलं.

शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच केलं. तेव्हाही ते बसले नाहीत. दुपारी मी जेवून हात धुऊन आले तर टेबलाच्या कडेला क्लॅम्पच्या दोन खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. स्टेअरिंग जुन्या चादरीत गुंडाळून पप्पा स्टुलावर उभे होते आणि आई ते माळ्यावर सरकवायला खालून हात देत होती.

“वायरी नीट गुंडाळल्यात,” ते मला म्हणाले. “कुणाला द्यायचं झालं तर सबंध सेट आहे.”

“आणि बूट?” आईनं विचारलं. “तेही गुंडाळून द्या. दुकानच टाकू.”

ते हसले नाहीत. आईही हसली नव्हती. ती स्टूल धरून उभी होती, आणि ते खाली उतरून गेल्यावरही थोडा वेळ धरूनच उभी होती.

संध्याकाळी साडेपाचला मी मीटिंगमध्ये होते. मॅनेजर एकेकाला त्याचं काम विचारत होते, माझी पाळी यायची होती, माझा माईक बंद होता. मागे खुर्चीत बसून पप्पांनी फोन लावला. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचा डावा कान कमी झाला आहे, त्यामुळे ते फोन नेहमी स्पीकरवर टाकतात. मी हेडफोनचा एक कान सरकवला.

“जय भीम.”

“जय भीम, जय भीम! बोला साहेब,” काकांचा आवाज घरभर झाला. “गाडी धुऊन ठेवलीय उद्याला. हार आणू का नारळ आणू?”

“अरे, ऐक. उद्याचं राहू दे.”

“का? तारीख बदलून पाहिजे का?”

“तसं नाही. नाहीच जमायचं. दुसरा बघ कुणीतरी.”

“डोळे काय म्हणत्यात?”

“डोळे चांगले हायत. हात गेला. पाय पण. ती मशीनवर चालवतो म्हणून सांगितलं होतं ना तुला, तिच्यावर कळलं. ब्रेक उशिरा लागतो माझा.”

“लेका, कॉम्प्युटर असंल बिघडला! त्याला काय आपल्या गाडीची अक्कल?”

“नाही ना. लिहून दिलं मी. तीनदा.”

“मग?”

“तिन्ही वेळा ओके. पोरीनं स्वतः बघितलं. शिकलेली आहे ती त्यातलंच.”

 इतका वेळ काकांच्या मागे कुणीतरी रेस करून इंजिन तपासत होतं, तेवढंच ऐकू येत राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर ते दोघेही गेटवर बसवलेल्या त्या जुन्या ड्रायव्हरकडे बघत होते.

“तीनदा,” काका म्हणाले. “मग मी तरी काय बोलू.”

“बोलू नकोसच. तू विचारलंस, तेच लय झालं. ठेवू?”

दुसऱ्या कानात मॅनेजर माझं नाव घेत होते. एकदा घेतलं, दोनदा घेतलं, मग “म्यूटवर आहेस का?” असं विचारलं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून माझं नाव बारीक आवाजात येत राहिलं. उठताना खुर्ची जोरात मागे गेली आणि पप्पांनी वर बघितलं. त्यांचा अंगठा फोन बंद करायच्या लाल खुणेवर आला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

मी त्यांच्या खुर्चीमागे गेले आणि तिच्या पाठीचा दांडा धरला. समोर पाटी नव्हती, तरी तोंड उघडायला तेवढाच वेळ लागला. आवाज निघाला तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता, सोसायटीत ऐकू जाईल असा.

“पप्पा, फोन ठेवू नका. काका, मी बोलतेय. दोष गाडीत होता. माझ्या कामासाठी मी मशीनमध्ये एक सेटिंग चालू केलं होतं, त्यानं गाडी अडखळत होती. आणि तीनदा ओके दिलं ना, ते मी न बघता दिलं. ड्रायव्हरला काही झालेलं नाही.”